वेलंकनीला पहिल्यांदा जाताय? तारखेपासून परतीच्या तिकिटापर्यंत

वेलंकनीची यात्रा मुळात अवघड नाही. ती अवघड होते चुकीच्या तारखेमुळे, आणि तारीख बरोबर असली तर दिवसातल्या चुकीच्या वेळेमुळे. नवसाची तयारी घरोघरी नीट होते. मेणबत्त्या मोजून घेतल्या जातात, नातेवाइकांच्या प्रार्थनांची यादी होते, चांदीचा पाळणासुद्धा सोनाराकडून वेळेत येतो. मग भर दुपारी बारा वाजता अनवाणी वाळूत उतरल्यावर कळतं की ऊन नावाची एक गोष्ट आपण धरलीच नव्हती.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे: वसईकर, मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, गोंयकार, आणि वेलंकनीच्या आरोग्यमातेला, म्हणजे येशूच्या आईला, मरियेला नवस बोललेली हिंदू कुटुंबंही. बांद्र्याच्या मोत माउलीला जशी सगळ्या धर्मांची माणसं जातात तशीच इथेही. ठिकाण तमिळनाडूत, नागपट्टिनम शहराच्या दक्षिणेला साधारण बारा किलोमीटरवर, अगदी बंगालच्या उपसागराला लागून. मातेचं हे चर्च तंजावर धर्मप्रांतात, म्हणजे तंजावरच्या बिशपांच्या अखत्यारीत येतं. १९६२ साली पोप तेविसावे योहान यांनी त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष मानाच्या चर्चचा दर्जा दिला.

१. आधी तारीख ठरवा

मोठा उत्सव २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. २९ ला संध्याकाळी ध्वज चढतो, ७ ला रात्री मातेची मोठी रथयात्रा निघते आणि ८ ला मरियेच्या जन्माचा सण असतो. या दिवसांत लाखो माणसं येतात. चेन्नईपासून सव्वातीनशे किलोमीटर चालत, भगवे कपडे घालून येणारे जथे रस्ताभर दिसतात. आपल्याकडच्या पंढरीच्या वाटेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मराठीतून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकायची असेल तर हाच काळ धरा. उत्सवात तमिळ, मल्याळम, तेलुगू, कोंकणी, हिंदी, इंग्रजी यांच्याबरोबर मराठीतूनही मिस्सा होते. कुठल्या दिवशी आणि किती वाजता, ते त्या वर्षीच्या पत्रकात बघा. मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नका.

पण घरात गुडघेदुखीची आजी किंवा तान्हं मूल असेल तर माझं स्पष्ट मत आहे: उत्सवात जाऊ नका. माता वर्षभर तिथेच आहे. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे महिने. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात म्हणून गर्दीही असते आणि उकाडाही.

आपण महाराष्ट्रातली माणसं हमखास फसतो ती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत आपला पाऊस संपलेला असतो, त्यांचा तेव्हा सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्यावर जोरात पडतो आणि चक्रीवादळंही याच काळात येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ वादळाने नागपट्टिनम जिल्ह्याची दैना केली होती. दिवाळीतच जायचं असेल तर परतीच्या तिकिटात एक दिवस हाताशी ठेवा.

२. तिकीट: कुठून, कसं

गोव्याहून जाणाऱ्यांचं बरं आहे. वास्को ते वेलंकनी अशी आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. मुंबईहून उत्सवाच्या दिवसांत खास गाड्या सोडतात. त्यांची घोषणा उशिरा होते, पण झाल्यावर जागा भराभर जातात. एरवी मुंबई-पुण्याहून चेन्नई, आणि तिथून रात्रीच्या गाडीने नागपट्टिनम किंवा थेट वेलंकनी. वेलंकनीला स्वतःचं छोटं स्टेशन आहे. तिथे गाड्या मोजक्या, म्हणून नागपट्टिनमचं तिकीट मिळत असेल तर खुशाल घ्या. पुढे बस आणि रिक्षा भरपूर मिळतात.

चेन्नईत दोन गोष्टी सांभाळा. तुमची मुंबईची गाडी ‘सेंट्रल’ला लागते की ‘एग्मोर’ला, ते तिकिटावर वाचा. दक्षिणेकडच्या बऱ्याच गाड्या एग्मोरहून सुटतात, काही तांबरमहून. सेंट्रल ते एग्मोर अंतर थोडंच आहे, पण सामान आणि म्हातारी माणसं घेऊन धावाधाव करण्याइतकं नक्की आहे. दोन गाड्यांमध्ये चार तास तरी सोडा. बसने जाणार असाल तर बस नेमकी कुठून सुटते ते विचारा. २०२३ च्या अखेरीस शहराबाहेर किलांबाक्कमला नवा बसस्थानक परिसर सुरू झाला आणि दक्षिणेकडच्या पुष्कळशा बस तिथे गेल्या. जुन्या माणसाने ‘कोयंबेडूला जा’ (आधीच्या बसस्थानकावर) सांगितलं म्हणून तिकडे जाऊन बसू नका.

विमानाने त्रिची गाठली तर पुढे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत तंजावर लागतं. येताना तिथे थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांची तिकिटं जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला काढायची. जाण्याचं तिकीट सगळे काढतात. ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी सगळा जनसमुदाय एकदम परत फिरतो, ते मात्र लक्षात येत नाही. परतीचं तिकीट आधी काढा. जमलं तर ९ ऐवजी १० तारखेचं.

३. राहायची सोय

बॅसिलिकेच्या स्वतःच्या धर्मशाळा आणि खोल्या आहेत. साध्यापासून वातानुकूलितपर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळतात. आरक्षण फक्त बॅसिलिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा तिथल्या कार्यालयातून करा. स्टेशनवर, बसथांब्यावर ‘चर्चची खोली देतो’ म्हणत मागे लागणाऱ्यांशी बोलूच नका. चर्चला खोल्या भरायला दलाल लागत नाहीत. खासगी लॉजही गल्लोगल्ली आहेत. भाडं ठरवताना ‘चोवीस तास’ की ‘दुपारी बारापर्यंत’ हे आधीच विचारून घ्या. पहाटे चारला खोली घेणाऱ्यांना यात चांगलाच फटका बसतो.

उत्सवात खोली मिळाली नाही तर लोक चक्क आवारात आणि वाळूवर झोपतात. तरुणांना मजा येते. बाकीच्यांनी नागपट्टिनमला राहून ये-जा करावी.

४. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं:
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. खोलीसाठी फोटोवरचं चालेलच असं धरू नका. मुलांचंही आधार घ्या.
- परतीच्या तिकिटाची छापील प्रत. मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.
- धर्मग्रामाचा, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या लोकांचा गट असेल आणि तुमच्या फादरना स्वतंत्र मिस्सा करायची असेल, तर बॅसिलिकेच्या कार्यालयाला आधी पत्र लिहा. फादरनी आपल्या बिशपांनी दिलेलं ओळखपत्रही बरोबर ठेवावं. अनोळखी धर्मगुरूला वेदी मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सामान: पातळ सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली, चपलांसाठी कापडी पिशवी, गुडघ्याने चालण्याचा नवस असेल तर गुडघ्याला बांधायला जाड कापड, आणि समुद्रस्नानानंतर बदलायला कोरडा जोड. प्रार्थनांसाठी दिलेली नावं कागदावर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत लिहून न्या. खिडकीवरच्या माणसाला देवनागरी वाचता येईलच असं नाही.

५. पहिला दिवस: कुठे आधी, कुठे नंतर

बहुतेक जण उतरले की थेट बॅसिलिकेत शिरतात, रांगेत उभे राहून मातेचं दर्शन घेतात, मेणबत्ती लावतात आणि समुद्रावर भजी खायला जातात. झाली यात्रा. मी उलटा क्रम सुचवेन, कारण वेलंकनीची गोष्ट जशी घडली असं सांगतात तशी ती पायाखालून जाते.

पहाटे सुरुवात करा ‘माता कुळम’पासून, म्हणजे मातेच्या तळ्यापासून. परंपरा सांगते की एक गुराखी पोरगा मालकाकडे दूध घेऊन चालला होता. तळ्याकाठी वडाखाली विसावला, तेव्हा कडेवर बाळ घेतलेली एक बाई आली आणि तिने दूध मागितलं. त्याने दिलं. मालकाकडे पोचल्यावर ‘दूध कमी आहे’ असं सांगतो तर भांडं भरून वाहतंय. इथलं पाणी लोक बाटलीत भरून नेतात. घरी नेऊन कपाळाला लावा, प्यायला मात्र देऊ नका.

तळ्यापासून बॅसिलिकेपर्यंत ‘पवित्र मार्ग’ आहे. कडेला क्रुसाच्या वाटेची (येशूच्या अखेरच्या प्रवासाची) आणि जपमाळेच्या रहस्यांची (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांची) दृश्यं आहेत, आणि मध्ये वाळूचा पट्टा. गुडघ्याने चालण्याचा नवस इथे फेडतात. पहाटे सहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच हे करा. दिवसा वाळू तव्यासारखी तापते. म्हाताऱ्या माणसांच्या दोन्ही बाजूंनी एकेक जण चालू द्या. आणि अर्ध्यात थांबावं लागलं तर थांबा. उरलेलं अंतर घरच्या दुसऱ्या कुणी पूर्ण केलेलं मी पाहिलंय, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

मग ‘नडु तिट्टु’. एका गरीब विधवेचा पांगळा मुलगा इथे झाडाखाली ताक विकायचा. त्याच्याकडे ताक मागायला तीच बाई आली आणि म्हणाली, नागपट्टिनमच्या एका ख्रिस्ती गृहस्थाला जाऊन सांग, माझ्यासाठी इथे छोटं देऊळ बांध. मुलगा उठला आणि चालत गेला. त्या गृहस्थाने बांधलेल्या गवती छपरापासून आजचा सगळा पसारा वाढला. जागा लहान आहे, लोक घाईत पुढे जातात. मला विचाराल तर वेलंकनीत शांत बसायला हीच जागा सगळ्यात चांगली.

आणि शेवटी बॅसिलिका. तिसरी गोष्ट इथली. सतराव्या शतकात मकावहून कोलंबोला निघालेलं पोर्तुगीज व्यापारी जहाज वादळात सापडलं. खलाशांनी मरियेला नवस केला, आणि ते या किनाऱ्याला लागले तो दिवस ८ सप्टेंबर होता. त्यांनी पक्कं चर्च बांधलं आणि पुढच्या खेपेला चिनी मातीच्या चित्रांच्या बशा आणून वेदीवर बसवल्या. त्या अजून आहेत. सगळ्यांची नजर साडी नेसलेल्या मातेवर असते, बशांकडे बघायचं राहून जातं. रांग पुढे सरकायच्या आत तिच्या पायांच्या आसपास नजर फिरवा.

जुन्या चर्चला मागे जोडलेला भाग फ्रान्समधल्या लूर्दच्या चर्चच्या धर्तीवर सत्तरच्या दशकात बांधला. तो बघायला जिने चढावे लागतात. नवसाच्या वस्तूंचं संग्रहालय दुपारच्या उन्हात बघायला चांगलं: चांदीचे हात-पाय-डोळे, घरांच्या प्रतिकृती, पत्रं. गर्दीच्या मिस्सा पलीकडच्या विण्मीन आलयममध्ये, म्हणजे नव्या प्रशस्त चर्चमध्ये होतात. फलकावर वेळ बघताना मिस्सा कोणत्या इमारतीत आहे तेही वाचा.

६. मिस्सेला बसताना

तमिळनाडूत बऱ्याच चर्चमध्ये चपला बाहेर काढतात. दारात चपलांचा ढीग दिसला की काढा, विचारत बसू नका. खेड्यातल्या चर्चमध्ये लोक जमिनीवर बसतात, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. केसात मोगरा, मातेला हार, वाजंत्री, सजवलेला रथ हे सगळं पाहून कुणाला नवल वाटलं तर सांगून टाका, हे इथलं शेकडो वर्षांचं वळण आहे.

हिंदू वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. मिस्सेच्या शेवटाकडे लोक रांगेने वेदीपाशी जातात आणि फादर त्यांना पांढरी पातळ चकती देतात. रांग दिसली की आपण उभे राहतो, हात पुढे करतो. इथे तसं करू नका. तो प्रसाद वाटपाचा भाग नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. जागेवर बसून राहिलात तर कुणाला काही वाटत नाही. मातेचं दर्शन, मेणबत्ती, हार, तेल हे मात्र सगळ्यांसाठी खुलं आहे.

कामाला येणारे थोडे शब्द: मिस्सा म्हणजे तिरुप्पली, मरियेचं चर्च म्हणजे माता कोविल, मेणबत्ती म्हणजे मेळुगुवर्ती, ध्वज चढवणं म्हणजे कोडियेट्रम, रथ म्हणजे तेर, दानपेटी म्हणजे उंडियल. ‘तिरुप्पली एत्तनै मणिक्कु?’ म्हणजे मिस्सा किती वाजता. एवढं म्हटलं की समोरचा बोटांनी आकडा दाखवतोच.

७. नवस फेडताना

मिस्सेसाठी नावं द्यायची असतील तर कार्यालयाच्या खिडकीवर द्या आणि पावती घ्या. पैसे उंडियलमध्ये टाका. आवारात पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. मेणाच्या आणि चांदीच्या पत्र्याच्या प्रतिमा बाहेरच्या दुकानांत मिळतात, दोन दुकानांत भाव विचारा. ‘चांदी’ म्हणून विकली जाणारी बहुतेक वस्तू चांदी नसते. खरी हवी असेल तर आपल्याच सोनाराकडून करून न्या.

मुंडण करणारेही पुष्कळ असतात, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत. त्यासाठी ठरलेली जागा आहे. न्हावी आपल्यासमोर नवं पातं लावतोय ना, एवढं बघा. मूल व्हावं म्हणून पाळणे बांधणं, नारळाचं रोप वाहणं, मीठ वाहणं हेही चालतं.

८. समुद्राबद्दल

मुंडणानंतर समुद्रस्नान करतात. हा आपला जुहू-अर्नाळ्याचा उथळ किनारा नाही. लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि दोन पावलांत पाणी गळ्याशी येतं. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका, रात्री तर उतरूच नका. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामी आली तेव्हा या किनाऱ्यावर आणि दुकानांच्या रांगांत शेकडो यात्रेकरू गेले. त्यांचं स्मारक गावात आहे. मेणबत्त्यांमधली एक तिथे लावा.

किनाऱ्यावर तळलेली मासळी चांगली मिळते. मासा निवडला की तळायला टाकण्याआधी भाव ठरवा.

९. हाताशी दोन दिवस असतील तर

तमिळनाडूतली सगळी तीर्थं एका दमात करू नका. एक दिशा धरा.

कावेरीची बाजू: तंजावरपासून तासाभरावर पूंडी मातेची बॅसिलिका. तिची सुरुवात इटालियन जेझुइट धर्मगुरू बेस्की यांच्याशी जोडतात. तमिळ लोक त्यांना वीरमामुनिवर म्हणून ओळखतात. वेलंकनीच्या गर्दीनंतर पूंडीचं मोकळं आवार बरं वाटतं. आणि तंजावरला आलात तर बृहदीश्वराच्या भिंतीवरचा सरफोजीराजांनी कोरवलेला मराठी शिलालेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे पोचलेला मराठी माणूस तेवढ्यासाठी थांबला नाही तर काय म्हणावं!

चेन्नईचा एक दिवस: सांतोमे बॅसिलिका, लिटल माउंट आणि सेंट थॉमस माउंट, तिन्ही येशूचे शिष्य संत थॉमस यांच्याशी जोडलेली. नंतरच्या दोन जागांना मेट्रो जाते. सांतोमेत वरचं चर्च बघून लोक परततात. थडग्याचं प्रार्थनागृह तळघरात आहे आणि त्याची वाट वेगळी आहे, ती विचारून घ्या.

दक्षिण किनारा माझ्या सगळ्यात आवडीचा. तुतिकोरिनची पनिमय माता, म्हणजे मरियेचंच चर्च, सण ५ ऑगस्ट. तिचा सोन्याचा रथ दरवर्षी निघत नाही, तेव्हा केवळ त्यासाठी जात असाल तर आधी चौकशी करा. तिरुचेंदूरच्या पुढे मणप्पाड: समुद्रात घुसलेल्या वाळूच्या टेकडीवर पवित्र क्रुसाचं चर्च, खाली कोळ्यांचं गाव, आणि संत फ्रान्सिस झेवियर राहिले असं सांगतात ती गुहा. इथला सण १४ सप्टेंबरला, म्हणजे वेलंकनीनंतर सहाच दिवसांनी. आणखी खाली नागरकोविलजवळ कोट्टार. इथल्या झेवियरच्या कॅथेड्रलमध्ये देवसहायम पिळ्ळै यांचं थडगं आहे. त्रावणकोरच्या दरबारातला हा माणूस ख्रिस्ती झाला आणि १७५२ साली काट्टाडिमलैवर गोळ्या घालून मारला गेला. २०२२ मध्ये रोमने त्यांना संत जाहीर केलं, आणि संतपद मिळालेले ते पहिले भारतीय प्रापंचिक. धर्मगुरूही नाहीत, व्रतस्थही नाहीत. डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्यात फेस्त असतं, त्याच दिवशी कोट्टारलाही झेवियरचा सण असतो.

१०. यात्रेला नव्हे, राहायलाच गेला असाल तर

नोकरीनिमित्त चेन्नई, कोइंबतूर, त्रिचीला जाणारे वसईचे आणि मुंबईचे पुष्कळ तरुण आहेत. त्यांनी इंग्रजी मिस्सा शोधून दर रविवारी दूरच्या चर्चला जाण्यापेक्षा आपण राहतो त्या भागाच्या धर्मग्रामात आधी नाव नोंदवावं. धर्मग्राम गल्लीगल्लीच्या ‘अन्बियम’मध्ये वाटलेला असतो, आपल्याकडच्या छोट्या ख्रिस्ती समूहांसारखाच. अन्बियमच्या एका बैठकीला गेलात की गॅस सिलिंडरपासून डॉक्टरपर्यंत सगळं सोपं होतं.

नोंदणीला आपल्या मूळ धर्मग्रामाच्या फादरांचं पत्र न्या. मुलाचा बाप्तिस्मा किंवा लग्न तिकडे करायचं असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला. घरातल्या ट्रंकेतला जुना पिवळा दाखला चालत नाही. लग्नासाठी याशिवाय दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि दोन्ही धर्मग्रामांतल्या जाहीर घोषणा लागतात. पत्रव्यवहार दोन राज्यांत आणि दोन भाषांत चालतो, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करा. आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) किंवा आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) लग्नाची तारीख मागण्याआधी हॉलचं बुकिंग करू नका. त्या दिवसांत फादर परवानगी देतीलच असं नाही, आणि हॉलवाला पैसे परत करत नाही.